हाताची उधारी

परवाच्या सायकल शर्यतीत मी ४४ जणांत ३१वा आलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी मी पोडियमवर उभा दिसेन अशी आशा लावून कुणी वाचायला नको.

त्याच्या काही महिने आधी मी पडलो, तेव्हा वेग होता ताशी जेमतेम २२ किलोमीटर. उतार नव्हता, स्प्रिंट नव्हती, गर्दी नव्हती. सराव आटोपून परत येताना एक साधं उजवं वळण, त्यावर रंगाचा ओला पांढरा पट्टा, आणि पुढचं चाक खालून निघूनच गेलं. पडताना सगळेच करतात तेच मीही केलं, हात टेकला. उठल्यावर आधी सायकल पाहिली, मग गुडघा पाहिला, मग कुणी बघितलं का ते पाहिलं. मनगट ठणकत होतं, पण त्याच सायकलवरून घरी आलो.

त्याच दिवशी एक्स-रे काढला. त्यात काही निघालं नाही. ‘मुरगळलंय, क्रेप बँडेज बांधा, आठ-दहा दिवसांत बरं वाटेल.’ मलाही हेच ऐकायचं होतं! चौथ्या दिवशी पुन्हा सायकलवर. खड्डा आला की उजवा हात आपोआप सैल सोडायचा, एवढं जमवून घेतलं आणि असे तीन आठवडे काढले. मग एका सकाळी बाटलीचं झाकण फिरवताना अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ गेली की बाटली हातातून सुटली.

दुसऱ्या डॉक्टर हाताच्या सर्जन होत्या. त्यांनी एक्स-रे बाजूला ठेवला, मला अंगठा वर करायला लावला आणि अंगठ्याच्या बुडाशी दोन शिरांच्या मध्ये जो खळगा पडतो, त्यात बोट दाबलं. मी खुर्चीतून उठलोच. पूर्वी लोक तपकीर ओढण्याआधी त्या खळग्यात ठेवायचे, म्हणून इंग्रजीत त्याला तपकिरीची डबी म्हणतात. तपकिरीशी काही देणंघेणं नसताना ती जागा मला आता जन्मभर लक्षात राहील. एमआरआयमध्ये दिसलं ते स्कॅफॉइडचं फ्रॅक्चर, बरोबर हाडाच्या कमरेतून, म्हणजे मधल्या अरुंद भागातून.

स्कॅफॉइड म्हणजे मनगटातलं होडीच्या आकाराचं छोटं हाड. त्याची मोठी अडचण म्हणजे रक्तपुरवठा. बहुतेक रक्त त्यात अंगठ्याकडच्या टोकाने शिरतं आणि तिथून उलटं मागे येतं. कमरेत तडा गेला की मागचा तुकडा उपाशी राहतो, म्हणून हे हाड रेंगाळत जुळतं, आणि कधीकधी जुळतच नाही. शिवाय तडा ताजा असताना एक्स-रेत तो बऱ्याचदा दिसत नाही. खळग्यात दुखत असेल तर एक्स-रे चांगला आला तरी फ्रॅक्चर आहे असंच धरून हात बांधतात आणि दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा पाहतात. त्यामुळे माझा राग एक्स-रेवर नाही. पहिल्या दिवशी तिथे कुणी बोट दाबून पाहिलं नाही, यावर आहे. आणि थोडा स्वतःवर, कारण चौथ्या दिवशी सायकल मीच काढली होती.

तुकडे सरकलेले नव्हते म्हणून शस्त्रक्रिया करून स्क्रू बसवणं टळलं. प्लास्टर मात्र दहा आठवडे.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. सायकलवाल्यांमध्ये कॉलरबोनला, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडाला, जी इज्जत आहे ती मनगटाला नाही. कॉलरबोन मोडली म्हटलं की समोरचा लगेच आपली गोष्ट सुरू करतो, प्लेट किती इंचांची, स्क्रू किती, सगळं दाखवतो. ‘मनगटातलं एक छोटं हाड’ म्हटलं की लोक विचारतात, मग पाय तर चांगलेच आहेत ना?

पाय चांगलेच होते, तोच तर वैताग होता. प्लास्टर घालून ट्रेनरवर, म्हणजे घरात सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, बसायची परवानगी मिळाली, अट एवढीच की उजव्या हातावर वजन टाकायचं नाही आणि प्लास्टर ओलं करायचं नाही. दुसरी अट ज्यांनी घातली त्यांनी बंद खोलीत तासभर ट्रेनर मारलेला नसावा. मी दोन पंखे लावले, हँडलबारशेजारी एक उंच स्टूल ठेवलं, त्यावर उशी आणि उशीवर कोपर. घाम हातावरून ओघळत प्लास्टरच्या तोंडाशी यायचा, म्हणून तिथे रुमालाची गुंडाळी. तरी पाचव्या आठवड्यात आतून जो वास यायला लागला तो मी इथे वर्णन करणार नाही. लेक जेवताना माझ्या डाव्या बाजूला बसायला लागली, एवढ्यावरून ओळखा.

आठवड्याला तीन वेळा, पंचेचाळीस मिनिटं, सरळ बसून, एका हाताने. त्यात इंटरव्हल, म्हणजे थोडा वेळ पूर्ण जोर आणि मध्ये थोडी विश्रांती, जमेनात. जोर लावताना आपण हँडलबार किती ओढतो हे तो ओढता येईनासा झाल्यावर कळतं. मग मी नुसता मध्यम जोराचा सराव केला. सराव थांबला की शरीर किती झपाट्याने उतरतं, यावर एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांचा १९८४ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. सराव पूर्ण बंद केलेल्या खेळाडूंची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत ७ टक्के घसरली, आणि ५६ दिवसांनी १६ टक्के खाली जाऊन स्थिरावली. सुरुवातीची घसरण मुख्यतः हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त फेकलं जातं त्यामुळे. स्नायूंमधलं नुकसान सावकाश होत जातं. हे वाचून मी त्या वासकट पंचेचाळीस मिनिटांना चिकटून राहिलो. पडण्याआधी माझा एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल तो जोर, २५८ वॅट होता. प्लास्टर निघाल्यावर तिसऱ्या आठवड्यात चाचणी घेतली, २३६ आला. मी खूश होतो. आणि याच खुशीत माझी पुढची सगळी चूक आहे.

प्लास्टर निघालं त्या दिवशी आतून जो हात बाहेर आला तो माझा नव्हता. कोपराखाली बारीक, कातडीचे पापुद्रे सुटलेले, आणि मनगट मागे वळवायला सांगितलं तर नुसतंच थरथरणारं. फिजिओथेरपिस्टने पकड मोजायचं यंत्र हातात दिलं. डावा हात ४१ किलो, उजवा १७. मग सुरू झालं चिकणमातीसारख्या पुटीचे गोळे दाबणं, टॉवेल पिळणं, टेबलाच्या कडेवर हात ठेवून अर्ध्या किलोचं डंबेल वर-खाली करणं. वॅटचे आकडे मी वहीत रोज लिहायचो. टॉवेल किती वेळा पिळला ते मात्र कधी लिहिलं नाही. व्यायाम वाटायचाच नाही तो.

मधल्या काळात मोठ्या लोकांच्या गोष्टी वाचायचा नाद लागला होता. डेन्मार्कचा सायकलपटू योनास विंगेगो ४ एप्रिल २०२४ ला बास्क प्रदेशातल्या शर्यतीत पडला, कॉलरबोन आणि बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा झाली, बारा दिवस इस्पितळात. आणि २९ जूनला तो टूर दे फ्रान्सच्या सुरुवातीच्या रेषेवर उभा होता. त्यात एक टप्पा जिंकला आणि एकूणात दुसरा आला. छान वाटतं वाचायला. पण त्याचं दिवसभराचं कामच बरं होणं हे होतं, आणि मला साडेनऊची मीटिंग असते. माझ्या उपयोगाची गोष्ट निघाली ती डच सायकलपटू अ‍ॅनेमिक व्हान व्हल्यूटनची. २०२२ च्या जागतिक स्पर्धेत रोड रेसच्या तीन दिवस आधी ती पडली आणि कोपराचं हाड मोडलं. हातावर भार देता येत नव्हता, त्यामुळे सीटवरून उठून पेडल मारणं जवळजवळ बंद. तरी शेवटच्या किलोमीटरमध्ये मागून येऊन, बसल्या बसल्याच पुढे निघून गेली आणि जिंकली. मी यातून घेतलं एवढंच, की पायांत ताकद असली की हाताचं भागवता येतं. ती ती होती आणि मी मी, हा बारीक मुद्दा माझ्याकडून राहिला.

रस्त्यावर उतरण्याआधी सायकलमध्ये मात्र शहाणपणाने बदल केले. २५ मिलिमीटरचे टायर काढून ३२ चे बसवले आणि हवा ९५ पीएसआयवरून ६० वर आणली. हँडलबारवर टेपचे दोन थर. ब्रेकच्या लिव्हरला आत एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की लिव्हर हँडलबारच्या जवळ येते आणि बोटं ताणावी लागत नाहीत. दहा वर्षं सायकल चालवून मला हा स्क्रू माहीत नव्हता. आमच्या ग्रुपमधल्या काकांनी तो दाखवला आणि वर म्हणाले, ‘पायांची माणसं तुम्ही, हातात काय असतं ते कधी बघितलंत का?’ तेव्हा मी हसलो.

हातात काय असतं? माझ्या सायकलला पुढचा ब्रेक उजव्या हाताला आहे. थांबवण्याची खरी ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये, कारण ब्रेक लागला की बरंचसं वजन पुढच्या चाकावर येतं. म्हणजे माझ्या सायकलची सगळ्यात महत्त्वाची लिव्हर माझ्या सगळ्यात कमजोर बोटांखाली होती. ब्रेक दाबता येत होता, ती अडचण नव्हती. थोडासा दाबता येत नव्हता. वळणाआधी नुसता स्पर्श करून दोन-तीन किलोमीटरचा वेग काढून टाकायचा असतो. माझी बोटं एकतर काहीच करायची नाहीत, नाहीतर एकदम आवळायची. त्या भीतीने मी मागचाच ब्रेक वापरायला लागलो, आणि मागच्या ब्रेकने वेग हळू कमी होतो म्हणून तो लवकर लावायला लागलो. हे मी ठरवून केलेलं नाही. हाताने परस्पर ठरवलं.

एकट्याने चालवताना यातलं काही जाणवलं नाही. चार महिन्यांत एफटीपी २५५ वर आला आणि मी नाव नोंदवलं. क्रिटेरियम, म्हणजे छोट्या बंद वर्तुळावरची शर्यत: १.१ किलोमीटरची एक फेरी, अशा २४. गेल्या वर्षी मी इथेच १४वा आलो होतो. पाय तेवढेच होते, मग निकालही तेवढाच, असा माझा साधा हिशेब.

पहिल्या चार फेऱ्या मस्त गेल्या. मग लक्षात यायला लागलं की तिसऱ्या वळणानंतर माझ्यापुढे दर वेळी दोन सायकलींची फट पडते. ते वळण उजवं आहे. पुढचा वळायचा, मी आधीच मागचा ब्रेक लावलेला असायचा, तो वळणातून बाहेर पडून निघून जायचा आणि मी उठून त्याच्या मागच्या चाकाकडे धावायचो. पुढच्याच्या आडोशाला राहिलं तर वाऱ्याचा बराच भार वाचतो. फटीत सापडलं की तो सगळा आपल्याच छातीवर. मागून एकजण दोनदा ओरडला, ‘चाक सोडू नको!’ तिसऱ्यांदा ओरडला नाही, बाजूने पुढे गेला. अठराव्या फेरीनंतर मी घोळक्याच्या शेपटाला होतो, आणि एकविसाव्या फेरीत शेपूट माझ्याशिवाय पुढे गेली.

रात्री शर्यतीच्या नोंदीची फाइल उघडली. सरासरी जोर २०४ वॅट, गेल्या वर्षी २०८. म्हणजे काम जवळपास तेवढंच. पण नॉर्मलाइज्ड पॉवर, जी चढ-उतारांची किंमत धरून काढतात, ती गेल्या वर्षीच्या २३१ वरून २४७ वर गेलेली. आलेख मोठा करून पाहिला तर करवतीचे दात. जवळपास प्रत्येक फेरीत तिसऱ्या वळणाआधी शून्य, आणि लगेच एक सुळका. पूर्ण केलेल्या फेऱ्यांत १७ वेळा ५५० वॅटच्या वर. गेल्या वर्षी त्याच जागी साडेतीनशे-चारशेच्या टेकड्या आहेत. हाताने दर फेरीला थोडी थोडी उधारी केली होती आणि बिल पायांना भरावं लागलं होतं. मी मात्र चार महिने पायांनाच आणखी कमवायला लावत होतो.

काकांना स्क्रीनशॉट पाठवला. उत्तर आलं: ‘इंटरव्हल बंद. बाटल्या घे.’

तेव्हापासून मंगळवार आणि गुरुवारी पहाटे रिकाम्या पार्किंगमध्ये जातो. चार रिकाम्या बाटल्या चौकोनात मांडायच्या आणि उजवीकडे फिरत राहायचं. बाहेरचा पाय खाली, नजर बाटलीवर नाही तर वळणाच्या पलीकडे, हात ड्रॉप्समध्ये, म्हणजे हँडलबारच्या खालच्या वाकलेल्या भागावर, आणि वळण सुरू व्हायच्या आधी पुढचा ब्रेक एका बोटाने. दाबायचा नाही, नुसतं विचारायचं त्याला. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत माझा हृदयाचा ठोका ११० च्या वर गेला नाही, आणि घरी आलो तेव्हा उजवा हात कोपरापर्यंत दुखत होता. वहीत आता वॅटच्या शेजारी एक नवा रकाना आहे.

पुढची शर्यत पाच आठवड्यांवर आहे. आठ वळणं, त्यांतली सहा उजवी. काल चाळीस फेऱ्या मारायच्या ठरवल्या होत्या. पुढच्या ब्रेकवर बोट ठेवून तेविसापर्यंत नीट गेलो. चोविसाव्या फेरीला बाटली उडवली.