हळद वाजेपर्यंत

गावी राहायला आलो त्या पहिल्या रात्री हिला झोप लागली नाही. विचारलं तर म्हणाली, "कसला आवाजच नाही हो. कान दुखायला लागलेत." बत्तीस वर्षं आम्ही भोसरीत हायवेला लागून असलेल्या घरात काढली. तिथं ट्रकचा हॉर्न वाजला नाही तर बंद आहे की काय म्हणून आम्ही खिडकीतून बघायचो. कंपनीच्या हिशोबखात्यातली नोकरी संपली आणि मी ठरवलं, आता गाव. भिलवडीपासून सहा-सात किलोमीटरवर, कृष्णाकाठी. लोकांना सांगताना मी एकच शब्द वापरायचो : शांतता.

ती शांतता चार दिवस टिकली. पाचव्या दिवसापासून कान उघडले. पहाटे साडेचारला डेअरीकडे निघालेल्या किटल्या, मग देवळातला भोंगा, मग नदीकडच्या मोटरी, आणि वारा त्या अंगाचा असला तर रात्री किर्लोस्करवाडीकडून येणारी गाडी. या सगळ्यात एकट्या तात्यांना खरी शांतता होती. तात्या माझे चुलते, वय ८१. त्यांना ऐकू येत नाही. पोरांनी महागाचं मशीन आणून दिलंय, ते देवळीत डबीत असतं. "त्यात निस्ता वारा ऐकू येतोय," म्हणतात.

माझ्या वाटणीचं रान पुतण्या करतो, सगळा ऊस. मी त्यातले १० गुंठे मागून घेतले. सगळ्यांनी सांगितलं, तिथंही ऊसच लाव, कारखान्याला जातोय, कटकट नाही. तात्या मात्र म्हणाले, "हळद लाव. नऊ म्हईनं घरात बसायचा न्हाईस." आणि वर एक अट, "पर एक ध्यानात ठेव. हळद वाजल्याबिगर पोत्यात भरायची न्हाई." मला अर्थ कळला नाही. हिशोबातली माणसं न कळलेली गोष्ट वहीत लिहून ठेवतात, तसं मी लिहून ठेवलं.

अक्षय तृतीयेला लागण करायचा इथं रिवाज आहे. त्याआधी मी कसबे डिग्रजला जाऊन आलो. तिथं राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं हळदीचं संशोधन केंद्र आहे. एकरी दहा क्विंटल बेणं लागतं, म्हणजे मला अडीच क्विंटल. जेठे गड्डे, म्हणजे झाडाचे मुख्य कंद घ्यायचे, चाळीस-पन्नास ग्रॅमचे, टणक, डोळे शाबूत असलेले. औषधाच्या पाण्यात बुडवून सावलीत सुकवायचे. हे सगळं मी इमानदारीत केलं. वैशाखाचं ऊन असं की दुपारी बांधावरचा दगडही हातात धरवत नव्हता. सऱ्या भिजवल्या, वाफसा आला म्हणजे माती लावण्याजोगी ओलसर झाली, गड्डे लावले, पाणी दिलं. संपलं.

मग काहीच झालं नाही.

दहा दिवस गेले, पंधरा गेले. शेजारी ऊस वाऱ्यावर सळसळत होता आणि माझ्या रानात तपकिरी सऱ्या. अठराव्या दिवशी मी एक गड्डा उकरून बघितला. डोळा थोडा सुजल्यासारखा वाटला, परत पुरला. दुसऱ्या दिवशी दुसरा उकरला. तिसऱ्या दिवशी तात्या बांधावर काठी टेकून उभे. "काय करायलाईस?" मी खुणेनं सांगितलं, उगवलं का बघतोय. "आरं, बाळंतिणीच्या खोलीत सारखं डोकवायचं नसतंय." मी माती झाकली. वळवाचे दोन पाऊस झाले, आणि महिना भरता भरता एका सकाळी गुंडाळलेल्या कागदासारखे हिरवे सुळके वर आलेले दिसले. आमची ही चहाचा कप तसाच हातात घेऊन रानापर्यंत चालत आली. गावात ती आपणहून घराबाहेर पडली ती त्या दिवशी पहिल्यांदा.

पावसाळ्याबद्दल काय सांगावं? बेंदराला पुतण्यानं बैलांऐवजी ट्रॅक्टरला झूल घातली, पण पुरणपोळी खरी होती. भांगलण, म्हणजे तण काढणं, दोनदा झाली. भांगलायला येणाऱ्या बायकांकडून मला गावाचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास कळला. तो इथं लिहिण्यासारखा नाही. आमची ही त्यांच्यात बसून भांगलायला लागली. पहिल्या दिवशी तिनं तणाबरोबर सात हळदी उपटल्या, त्या बायकांनी गुपचूप परत रोवल्या. मजुरी द्यायची वेळ आली तेव्हा त्यातल्या एकीनं सांगितलं, तुमच्या घरातली बाई आमच्या रानात एक दिवस आली की माझा फिटला. याला पैरा म्हणतात. माझ्या वहीत पैऱ्यासाठी रकाना नव्हता. मी आखला.

श्रावणात मात्र घशाला कोरड पडली. कृष्णाकाठी पाऊस आपल्या गावात किती पडला याला फार अर्थ नसतो. वर महाबळेश्वर-कोयनेत किती पडला, ते बघायचं. कोयना धरण १०५ टीएमसीचं, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाण्याचं. ते भरत आलं की मोबाइलवर दर दोन तासांनी सोडलेल्या पाण्याचे क्युसेक यायला लागतात. सगळ्यांच्या नजरा सांगलीच्या आयर्विन पुलाकडे. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्याच ऑगस्टमध्ये आमच्या तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं गेली. तेव्हापासून या भागात कुणी "बघू, अजून वेळ आहे" असं म्हणत नाही. जनावरं आधी हलतात.

मला काळजी हळदीची. पाण्यात उभी राहिली की तिचा गड्डा कुजतो. तीन दिवस मी चर काढत होतो. अंगावर रेनकोट, हातात खोरं, खिशात मोबाइल. तो दर तासाला वाजायचा आणि मी दर तासाला घाबरायचो. तात्यांना मोबाइल ऐकू येत नाही. ते घाटावर जाऊन तिसऱ्या पायरीवरच्या खिळ्याकडे बघून यायचे आणि घरी येऊन निवांत जेवायचे. अडतीस फुटांवरून पाणी उतरलं. आमच्या रानात खालच्या दोन सऱ्या पिवळ्या पडल्या, त्या गेल्याच.

पुढं गणपतीच्या सुमारास भरणी झाली. गड्ड्यांना माती चढवायची, म्हणजे फुटवे उघडे पडत नाहीत आणि कंदमाशीला शिरायला जागा मिळत नाही. त्याच दिवसांत हळदीला फुलं येतात, हे मला साठाव्या वर्षी कळलं. पानांच्या बेचक्यात पांढरट, कडेला गुलाबी झाक असलेला तुरा. पहाटे दव असताना पानांत हात घातला तर हाताला वास येतो, हळदीचाच, पण कच्चा, आल्याकडे झुकणारा. त्या दोन महिन्यांत मी रानात काम नसतानाही जात होतो.

दिवाळीनंतर आवाज बदलला. कारखान्याचा भोंगा सुरू झाला. तोडकरी आले, गावाबाहेर पालं पडली. रात्रभर ट्रॅक्टर-ट्रॉल्या, त्यांवर मोठ्यानं गाणी. हीच पुण्याची बाई, "काय बाई आवाज!" म्हणून कूस बदलायला लागली. मी म्हटलं, आता कान दुखत नाहीत ना? त्यावर उत्तर आलं नाही.

थंडीतलं खरं काम रात्रीचं. आठवड्यातले काही दिवस शेतीची लाईट रात्री असते. बारा वाजता उठायचं, कानटोपी, बॅटरी, दांडक्याला खोरं, आणि दारं धरायला जायचं. एका सरीत पाणी शेवटाला पोचलं की माती ओढून ते बंद करायचं, पुढच्या सरीचं दार फोडायचं. मधल्या वीस मिनिटांत करण्यासारखं काही नसतं. धुकं इतकं की उसाच्या पानावरून थेंब पडल्याचं ऐकू येतं, पण ऊस दिसत नाही. भोसरीत असताना मी गावच्या शांततेचं चित्र रंगवायचो त्यात खाट होती, झाड होतं, पेपर होता. गार पाण्यात पाय बुडवून, अर्धवट झोपेत, सरीतलं पाणी कुठवर गेलं याचा कानानं अंदाज घेत उभा असलेला माणूस त्या चित्रात नव्हता. पण शोधत होतो ते हेच असावं. डुलकी लागून एकदा पाणी पुतण्याच्या उसात गेलं, तेवढं सोडलं तर.

माघात पानं वाळून आडवी झाली. पाणी तोडलं. पाला कापला, रान पंधरा दिवस तापू दिलं आणि मग काढणी. कुदळीच्या पहिल्या घावाला जो गड्डा वर आला तो मातीचा गोळाच वाटला. मोडला तर आत शेंदरी. ओली हळद भरली एकवीस क्विंटल. पुतण्या म्हणाला, नवख्या माणसाला ठीक आहे. बायका म्हणाल्या, त्या सात वाचवल्या म्हणून.

शिजवायला कुकर येतो, ट्रॅक्टरमागं जोडलेला, चार ड्रमांचा. खाली लाकडं पेटवायची, वाफ पाइपातून ड्रमात. पाऊण तासात एक खेप. तात्यांच्या काळी काहिलीत पाणी घालून, वर हळदीचाच पाला आणि गोणपाट दाबून अडीच-तीन तास शिजवत. शिजली का, हे बघायची रीत मात्र तीच राहिली आहे : हळकुंडात काडी खुपसायची, ती सुईसारखी आरपार गेली पाहिजे. दिवसभर गावावर त्या वाफेचा वास होता. आमच्या हातांचा रंग पुढं तीन आठवडे गेला नाही. एका लग्नाला गेलो तर नवरा कोण असं विचारावं इतकी माझी बोटं पिवळी.

मग वाळवण. मातीवर घालायची नाही, रंग जातो. म्हणून शाळेमागच्या सिमेंटच्या खळ्यावर. दोन बोटं जाडीचा थर, दिवसातून दोनदा हलवायची, संध्याकाळी ढीग करून झाकायचा. आठव्या रात्री मी झाकलीच नाही. मोबाइलवर आभाळ निरभ्र दाखवत होतं आणि कंबर दुखत होती, यातलं खरं कारण दुसरं. रात्री दोनला पत्र्यावर थेंब वाजले. हिनं मला हलवायच्याही आधी ताडपत्री ओढली होती. आम्ही दोघं आणि शेजारची पोरं पळालो. तरी एका कडेची दीड-दोन पोती भिजली. ती पुढं वाळली, पण काळवंडली ती काळवंडलीच. त्या अवकाळीला मी दोष देणार नाही. वहीत तो खर्च माझ्या नावावर आहे.

बाराव्या दिवशी तात्या खळ्यावर आले. एक हळकुंड उचललं आणि शाहाबादी फरशीच्या पायरीवर टाकलं. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "वाजली?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की वहीतल्या त्या ओळीचा अर्थ अगदी सरळ होता. ओल असलेली हळद फरशीवर पडली की थप् करते. पुरती वाळलेली खणकन वाजते, धातूसारखी. पॉलिशवाल्याला दुसऱ्या दिवशीची वेळ दिली होती. मला आवाज थप् असा आला होता. पण समोरच्या माणसाला ऐकू येत नव्हतं, आणि मला पंधरा दिवस पाठ टेकलेली आठवत नव्हती. मी मान हलवणार होतो. का कोण जाणे, आडवी हलली.

"मला ठावं हाय," तात्या म्हणाले. "हाताला जड लागतीया. तुला ऐकू येतंय का बघत हुतो."

आणखी चार दिवस ऊन दिलं. पॉलिशच्या ड्रममध्ये साल, मुळ्या, माती झडली आणि हातात आली चार क्विंटल दहा किलो. एकवीसाचे चार. आपल्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा घटीचा हिशोब, आणि त्यात चूक नव्हती. पाचाला एक, असंच पडतं. चार किलो घरी ठेवली. कांडपवालीनं मूठभर हातात घेऊन विचारलं, "घरची दिसतीया?" आमची ही इतकं जोरात "हो" म्हणाली की रांगेतल्या बायकांनी वळून बघितलं.

सांगलीच्या मार्केट यार्डात तात्याही आले, पिकअपमध्ये पुढच्या सीटवर, फेटा बांधून. वाटेत सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांचं सांगत होते. त्यांचे वडील तिथं हळद ठेवत. जमिनीत खोल खणलेली, तोंडाशी अरुंद, पोटाला रुंद पेवं. आत हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड नाही. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आधी कंदील सोडून बघायचा, विझला तर आत हवा चांगली नाही. २००५ च्या पुरानं त्यातल्या पुष्कळ पेवांत पाणी घातलं. "मुंबैचे दलाल येत हुते तवा," म्हणाले. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे मी त्यांना कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी वाचलं आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

सौद्याला ढीग लागले. काळवंडलेला वेगळा, चांगला वेगळा. काळवंडलेल्याचा भाव पडून मिळाला. चांगल्याचा किती मिळाला ते लिहीत नाही, भावकीतले वाचतील. व्यापारी एकेका ढिगाशी थांबत होते. त्यातल्या एकानं आमच्या ढिगातली पाच-सहा हळकुंडं उचलली, एक मोडून आतला रंग बघितला आणि बाकीची तशीच वरून सोडून दिली.

सवयीनं मी तात्यांकडे वळलो. ते आधीपासूनच माझ्या तोंडाकडे बघत होते.