२८ पाउंड आणि एक हिरवळ

लंडनच्या साउथ बँकवर, म्हणजे थेम्सच्या दक्षिण काठावर, १९५१ च्या 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन'चं (महायुद्धानंतर ब्रिटनभर भरलेला सरकारी महोत्सव) प्रदर्शन दाखवतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर देऊ नका. मी २८ पाउंड दिले. गाइडनं ज्युबिली गार्डन्सच्या हिरवळीवर उभं केलं, टॅबवर कृष्णधवल फोटो दाखवले आणि म्हणाला, "घुमट इथे होता." मग चार पावलं पुढे जाऊन, "स्कायलॉन इथे होता." होता, होता, होता. दीड तास हेच.

चूक माझीही, आधी वाचायला हवं होतं. २७ एकरांतलं हे प्रदर्शन जेमतेम पाच महिने चाललं, ८५ लाख लोक येऊन गेले, आणि लगेच सत्तेवर आलेल्या चर्चिल सरकारनं जवळजवळ सगळं उखडून टाकलं. राल्फ टब्सचा ३६५ फूट व्यासाचा अ‍ॅल्युमिनियमचा घुमट भंगारात गेला. स्कायलॉनही गेला. सूत कातायच्या चातीसारखा दोन्हीकडे निमुळता, तारांवर अधांतरी तोललेला मनोरा, टोक जवळपास ३०० फुटांवर. तेव्हा लोक म्हणायचे, ब्रिटनसारखाच आहे, आधार कुठे दिसत नाही!

प्रदर्शनाचा मुख्य वास्तुरचनाकार ह्यू कॅसन, त्याच्या आखणीत सरळसोट राजरस्ता नव्हता. वाटा वळायच्या, पातळ्या बदलायच्या, मध्येच नदी दिसायची, त्यामुळे छोटी जागा मोठी वाटायची. सपाट हिरवळीवर उभं राहून यातलं काहीही कळत नाही.

उरलाय तो रॉयल फेस्टिव्हल हॉल, संगीताच्या मैफलींचं सभागृह. आत जायला पैसे पडत नाहीत, हे गाइड सांगत नाही. नदीकडून फोटो काढून परत फिरू नका, तो दर्शनी भाग १९६० च्या दशकातला आहे. आत शिरा आणि मान वर करा. अख्खं सभागृह खांबांवर उचललंय, खोक्यात अंडं ठेवावं तसं. शेजारच्या हंगरफर्ड पुलावरून आगगाड्या जातात, त्यांच्या आवाजापासून संगीत वाचवायला. सभागृहाचं तिरकं पोट डोक्यावर आणि आपण त्याखाली कॉफी पितोय! जाळी आणि गोळ्यांच्या नक्षीचा गालिचाही बघा. मी तासभर बसलो, कुणी उठवलं नाही.

आता मुख्य इशारा. फेस्टिव्हलचा दुसरा भाग बॅटरसी पार्कात होता, पण इथून तिथे नदीकाठानं चालत जाऊ नका. नकाशात पाचेक किलोमीटर दिसतात. व्हॉक्सहॉलपर्यंत ठीक, पुढे नाइन एल्म्समध्ये मला काठच सापडेना. पत्र्याची कुंपणं, 'वाट बंद'च्या पाट्या, वळसा, पुन्हा मोठा रस्ता, पुन्हा पत्रे. एका पाटीनं जिथून निघालो होतो तिथेच आणून सोडलं. वर समोरून वारा. सह्याद्रीत चढाला कधी कुरकुरलो नाही, पण या सपाट डांबरावर पोटऱ्या भरून आल्या. वॉटर्लूहून लोकल पकडा, व्हॉक्सहॉलनंतरच्या क्वीन्सटाउन रोडला उतरा, पार्क जवळच आहे. कार्ड टेकवा आणि जा.

पार्कात मात्र जाच. फेस्टिव्हलच्या करमणुकीच्या बागा इथे होत्या. फुलबागा रसेल पेजच्या, आणि जॉन पायपर व ऑस्बर्ट लँकेस्टर यांची कारंज्यांची लांबलचक रांग. साउथ बँकवर जे टाळलं होतं, ते इथे मुद्दाम केलंय: सरळ रेघ, शेवटापर्यंत नजर. मी बूट काढून कारंज्याजवळ बसलो, तुषार तोंडावर. लंडनमध्ये याहून सुंदर जागा नाही. दमलो होतो म्हणून तसं वाटलं असेल, पण माझं मत तेच.

दुसऱ्या दिवशी पूर्व लंडनमधल्या पॉप्लरची लॅन्सबरी वसाहत. फेस्टिव्हलचाच भाग म्हणून बांधलेली खरीखुरी घरं, अजून माणसं राहतात. डीएलआर या हलक्या रेल्वेनं ऑल सेंट्स स्टेशन, क्रिस्प स्ट्रीट बाजार, फ्रेडरिक गिबर्डचा घड्याळाचा मनोरा. सोपा दिवस, काही अडलं नाही.

गाइडला मेल टाकलाय पैसे परत दे म्हणून. अजून उत्तर नाही.