भाषण पडतं ते वाक्याच्या शेवटी

वक्तृत्वाचा क्लास म्हटलं की लोकांना आत्मविश्वास आठवतो. तो येतो, पण सगळ्यात शेवटी. चांगला मार्गदर्शक आधी कानावर काम करतो, कारण आपण कसे बोलतो हे आपल्याला बोलताना ऐकूच येत नाही.

पहिल्याच दिवशी कुठल्याही विषयावर दोन मिनिटं बोलायला लावून ते मोबाइलवर रेकॉर्ड करावं आणि ज्याचं त्यालाच शब्दन् शब्द उतरवायला सांगावं. 'म्हणजे', 'तर', 'काय होतं की', 'ॲक्च्युअली', सगळं. काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नये. हे शब्द पुढचं वाक्य तयार नसतं तिथेच येतात. म्हणून 'म्हणजे म्हणू नकोस' असं बजावून काही होत नाही. त्या जागी ओठ मिटून नाकाने श्वास घ्यायची सवय लावावी लागते.

खरी गोम पुढे आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि नेमका तिथेच आवाज बसतो. 'ही योजना छोट्या शेतकऱ्याच्या फायद्याची नाही' यातलं 'नाही' गिळलं गेलं, तर मागच्या रांगेला उलटाच अर्थ पोचतो. कारणं दोन: श्वास अर्धाच घेतलेला असतो, आणि वाक्य संपायच्या आत नजर कागदावर गेल्याने हनुवटी खाली येते. यावर उलटीकडून सराव करावा. आधी नुसतं 'नाही', मग 'फायद्याची नाही', मग 'छोट्या शेतकऱ्याच्या फायद्याची नाही'. दर वेळी शेवटचा शब्द भरल्या आवाजात. तो उच्चारून झाल्यावरच नजर खाली. पंधरा शब्दांपुढचं वाक्य सरळ तोडावं. कागदावर छोट्या थांब्याला एक उभी रेघ, पूर्ण श्वासाला दोन.

ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज तोतरे बोलत. त्यांच्या भाषणांवर त्यांचे स्पीच थेरपिस्ट लायोनेल लोग अशाच विरामाच्या खुणा करून देत आणि अडणारे शब्द बदलत. अर्थात तोतरेपणा हा वक्तृत्वाच्या क्लासचा विषय नव्हे. त्यासाठी स्पीच थेरपिस्टकडेच जावं.

स्पर्धेच्या मुलांचा घोटाळा वेगळाच. वेळ सात मिनिटं आणि पाठ केलेले शब्द हजार! ऐकणाऱ्याला झेपेल अशा वेगात मराठी मिनिटाला शंभरच्या आसपास शब्द जातात. थांबे धरले तर साडेसहाशे पुरे. नाहीतर वॉर्निंग बेल झाली की मूल सुसाट सुटतं आणि समारोप वाहून जातो. शिवाय अख्खं भाषण घोकलेलं असेल, तर एक ओळ विसरली की मूल पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. पाठ करायची ती सुरुवातीची चार आणि शेवटची दोन वाक्यं. मधले पाच मुद्दे क्रमाने लक्षात ठेवून दर सरावाला नव्या शब्दांत मांडावेत.

आणि मार्गदर्शकाने स्वतः करून दाखवू नये. दाखवलं की सगळी मुलं एकाच ठिकाणी मूठ आवळतात, आणि परीक्षकांना क्लास ओळखू येतो.

शेवटचे दोन दिवस नवी दुरुस्ती सांगायची नाही, फक्त माइकचा सराव. माइक हनुवटीच्या किंचित खाली, तोंडापासून चार बोटं ते वीतभर अंतरावर आणि जरासा तिरका, म्हणजे 'फ' आणि 'भ' फुटत नाहीत. 'व्यासपीठावर उपस्थित मान्यवर' ही लांबलचक यादी छाटून एका ओळीवर आणावी, पण ती ओळ ठेवावी. माइक तपासायला मिळाला नाही, तर स्पीकरमधून आपला आवाज कसा येतोय ते तेवढ्यात कळतं.