छडी खाली ठेवून

गेल्या रविवारी पुन्हा तेच झालं. आम्ही बारा जण व्हायोलिनचा गज खाली ओढत होतो, म्हणजे अकरा जण ओढत होते आणि माझा एकटीचा वर चालला होता, तर अंकलनी, म्हणजे आमच्या ऑर्केस्ट्राच्या कंडक्टरनी, छडी स्टँडवर टकटक वाजवली, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "बाई, सगळी गाडी डाउनला विरारला चाललीय, तू एकटी अपला कुठे निघालीस?" सगळे हसले. मीपण हसले, पण कान गरम झाले, 47 वय आहे हो माझं.

तर हे अप-डाउन काय ते सांगते. व्हायोलिनचा गज मुठीकडून टोकाकडे ओढला की डाउन बो, टोकाकडून मुठीकडे आणला की अप बो. मुठीजवळ हाताचं वजन जास्त पडतं त्यामुळे डाउन बोची सुरुवात आपोआप जड येते, म्हणून पहिली मात्रा शक्यतो डाउनवर, आपली सम असते ना तसंच काहीसं. मी दादरला क्लासमध्ये अकरा वर्षं शिकले ती आपली पद्धत, मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पायावर टेकवून, एकटीने वाजवायचं नाहीतर गाणाऱ्याच्या मागे मागे जायचं, तिथे माझा गज वर गेला काय नि खाली गेला काय, सूर आणि मींड नीट आली की सर खूश. इथे मात्र सगळ्यांचे गज एकत्रच वळले पाहिजेत. नुसतं दिसायला बरं म्हणून नाही, एकाचा जरी उलटा गेला तरी त्या सुराचं वजन बदलतं आणि अंकलना ते पाठ फिरवूनही कळतं. कसं कळतं हे मला दोन वर्षं कळत नव्हतं.

भायखळ्याला एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आम्ही जमतो. एक डेंटिस्ट, कॉलेजची दोन पोरं, रेल्वेतून रिटायर झालेले एक पारशी काका, बाकी असेच. पंखे लावले की कागद उडतात म्हणून प्रत्येकाच्या व्हायोलिनच्या केसमध्ये कपडे वाळत घालायचे चिमटे असतात, माझे निळे. अंकल मूळचे गोव्याचे, फिल्मच्या रेकॉर्डिंगमध्ये चाळीसेक वर्षं व्हायोलिन वाजवलेलं, नंतर सिंथेसायझर आला नि कामं आटली तेव्हा शिकवायला लागले आणि आमच्यासारख्यांना गोळा करून छडी हातात घेतली. (कंडक्टर म्हटलं की बेस्टचा, हा विनोद आमच्या घरात सगळ्यांनी करून झालाय, सासूबाईंनी दोनदा.)

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे मेहली मेहता. कंडक्टर झुबीन मेहता सगळ्यांना माहीत असतात, निदान नाव तरी. 2023 च्या ऑगस्टमध्ये ते एनसीपीएत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाला कंडक्ट करायला आले होते तेव्हा तिकिटांचं मी वेळेत बघितलंच नाही आणि बसले हळहळत. पण त्यांच्या वडिलांबद्दल, मेहलींबद्दल, वाचायला लागले आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथे आहे.

मेहली मेहता 1908 चे, आपल्या मुंबईचेच. व्हायोलिन बरंचसं स्वतःच्या जिवावर शिकलेले. 1935 मध्ये, म्हणजे वयाच्या सत्तावीसच्या आसपास, त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. तेव्हाच्या मुंबईत हे काय काम असेल विचार करा, हौशी पारशी मंडळी, गोव्याचे पोटापाण्यासाठी वाजवणारे, काही युरोपियन, अशी सगळी मोट बांधायची आणि बेथोवन वाजवून घ्यायचा. पहिली दहा वर्षं ते त्यात कॉन्सर्टमास्टर होते, म्हणजे व्हायोलिनवाल्यांच्या पहिल्या खुर्चीत. छडी त्यानंतर आली.

मधे त्यांनी एक भन्नाट गोष्ट केली. 1945 मध्ये घरी बायको आणि दोन लहान मुलं, झुबीन नऊ वर्षांचा, आणि हे न्यूयॉर्कला इवान गलामियानकडे व्हायोलिन शिकायला गेले. गलामियान म्हणजे पुढे इत्झाक पर्लमन, पिंकस झुकरमन असे नामवंत व्हायोलिनवाले ज्यांच्या हाताखाली तयार झाले ते गुरू, पण वयाने मेहलींपेक्षा जेमतेम पाच वर्षांनी मोठे. आपल्या शहरात आपण स्थापलेला ऑर्केस्ट्रा असताना छत्तीस-सदतिसाव्या वर्षी दुसऱ्यासमोर विद्यार्थी म्हणून उभं राहायचं. मला त्यांच्या बायकोबद्दल, तेहमीनाबाईंबद्दल, जास्त वाचायला आवडेल खरं तर, पण असो.

परत आले, मुंबईत कंडक्ट केलं, घरात तालमी चालायच्या नि झुबीन त्यातच वाढला. आणि मग 1955 मध्ये मेहली मुंबई सोडून मँचेस्टरला गेले. कंडक्टर म्हणून नाही हं. हॅले ऑर्केस्ट्रात सहायक कॉन्सर्टमास्टर म्हणून. समोर छडी जॉन बार्बिरोलींच्या हातात (ते स्वतः आधी चेलो वाजवणारे). म्हणजे शेहेचाळीस-सत्तेचाळीस वय, आपल्या गावात आपण उभे राहायचो ती जागा सोडून दुसऱ्याच्या समोर खुर्चीत बसायचं आणि तो सांगेल तिथे गज वळवायचा. हे वाचलं तेव्हा मी लोकलमध्ये होते, घाटकोपर गेलं कळलं नाही.

तिथून फिलाडेल्फियाला. तिथल्या कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये, म्हणजे तारवाद्यं वाजवणाऱ्या चौघांच्या संचात, त्यांनी सेकंड व्हायोलिन वाजवलं. सेकंड! मीपण सेकंडमध्येच बसते त्यामुळे हे वाचून जरा छाती फुगली. फर्स्टवाल्यांना चाल मिळते, आम्हाला मधली भरती, पण सेकंड हललं की वरचं सगळं हलतं, हे फर्स्टवाले कबूल करत नाहीत. त्या काळात फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राचे कंडक्टर यूजीन ऑर्मंडी, तेपण मुळात व्हायोलिनवाले, बुडापेस्टहून अमेरिकेत आले आणि न्यूयॉर्कच्या एका मूकपटाच्या थिएटरमधल्या ऑर्केस्ट्रात वाजवता वाजवता कंडक्टर आजारी पडला म्हणून छडी हातात आली. बऱ्याच जणांचं असंच अचानक होतं वाटतं. याप वान झ्वेडन तर एकोणिसाव्या वर्षी अॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाउ ऑर्केस्ट्राचे कॉन्सर्टमास्टर होते, बर्लिनला तालमीत कंडक्टर बर्नस्टाइनना हॉलमध्ये बसून आवाज ऐकायचा होता म्हणून त्यांनी यांना उभं केलं, आणि पुढे हे न्यूयॉर्क फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राच्या छडीपर्यंत पोचले.

मेहलींचं तसं पटकन झालं नाही. 1962 मध्ये मुलगा सव्विसाव्या वर्षी लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राचा प्रमुख झाला तेव्हा बाप फिलाडेल्फियात चौघांत बसून सेकंड वाजवत होता. 1964 मध्ये तेही लॉस एंजेलिसला गेले, तिथल्या यूसीएलए विद्यापीठात ऑर्केस्ट्रा शिकवायला लागले आणि अमेरिकन यूथ सिम्फनी सुरू केला. पंचावन्न-छप्पन्न वय, आपल्याकडे लोक व्हीआरएसचे फॉर्म भरतात, आणि समोर सगळी पोरं. त्यांना त्यांनी 1998 पर्यंत कंडक्ट केलं, नव्वदीला टेकेपर्यंत. 2002 मध्ये गेले, 94 वर्षांचे होऊन.

मी अंकलना हे सगळं सांगितलं. त्यांना बरंचसं माहीत होतंच. ते म्हणाले, पियानोवाला कंडक्टर छडी खाली आणतो तेव्हा त्याला आवाज हवा असतो, व्हायोलिनवाल्याला आधी दिसतं की आत्ता गज कुठे आहे. टोकाला असला आणि तू मोठा आवाज मागितलास तर पोरं देणार कुठून? मग त्यांनी माझा कागद ओढला आणि खिशातल्या पेन्सिलने चार ठिकाणी खुणा केल्या, डाउनची खूण चौकटीसारखी खाली उघडी, अपची इंग्रजी व्हीसारखी, आणि एका ठिकाणी दोन सूर एकाच गजात बांधले. वाजवून बघितलं तर तो जो पट्टा मला कायम अडखळायचा तो सरळ निघाला. म्हणजे गेले तीन महिने माझा हात वाईट नव्हता, गज चुकीच्या टोकाला पोचत होता एवढंच! (दादरच्या सरांना फोन करून सांगितलं, ते म्हणाले आपल्याकडे ये परत, खुणा लागत नाहीत.)

आता या रविवारचं. अंकलच्या खांद्याचं दुखणं वाढलंय, हात वर धरवत नाही तासभर, म्हणून त्यांनी कॉलेजच्या पोरांपैकी एकाला छडी दिली. पोरगा घामाने भिजलेला, पंखे बंद. आणि अंकल आपलं जुनं व्हायोलिन घेऊन आले, आले ते थेट सेकंडच्या शेवटच्या रांगेत माझ्या शेजारच्या खुर्चीत. एका स्टँडवर दोघे बसतात त्यातल्या आतल्या बाजूच्याने पान उलटायचं असतं, तर ते आतल्या खुर्चीत बसले. मी म्हटलं अंकल मी उलटते, तर मानेनेच नको म्हणाले.

पोराने लय थोडी पळवली. अंकल काही बोलले नाहीत, त्याच्याकडे बघत तो नेईल तसे गेले. तिसऱ्या पानाच्या शेवटी त्यांनी वाजवणं दोन मात्रा आधी थांबवलं, चिमटा काढला, पान उलटलं, चिमटा लावला, आणि गज परत तारेवर टेकवता टेकवता माझ्याकडे न बघता पुटपुटले, "डाउन, बाई, डाउन."

या वेळी मी विरारलाच चालले होते.