तुम्ही विचारलंत म्हणून: व्हिएगस डॉक्टरांनी शोधलं तरी काय?

काजूचा हंगाम जवळ आला की गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या गावांत माकडतापावर, म्हणजे गोचीड चावून होणाऱ्या तापावर, बोलायला मला अजूनही बोलावतात. आरोग्य खात्यातून निवृत्त झाले, तरी हे काम मी सोडलेलं नाही. कधी देवळाच्या मंडपात, कधी शाळेत, कधी महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला. बोलताना १८९६ साली मुंबईतला प्लेग ओळखणाऱ्या डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांचं नाव निघतंच, आणि मग कोणीतरी विचारतं, "बाई, त्यांनी लस शोधली का? औषध शोधलं का? मग त्यांचं एवढं काय?"

लस त्यांनी शोधली नाही. प्लेगची लस हाफकिन यांची. प्लेगचा जंतू येर्सिन यांनी १८९४ साली हाँगकाँगमध्ये शोधला. उंदरावरच्या पिसवांमुळे रोग पसरतो हे सिमोंद यांनी १८९८ साली कराचीत प्रयोग करून दाखवलं. यातलं काहीही व्हिएगसांच्या नावावर नाही. त्यांनी रोग ओळखला, आणि ज्यांना ते ऐकायचं नव्हतं त्यांच्यासमोर त्याचं नाव घेतलं. माझ्या मते आरोग्याच्या कामातलं सगळ्यात अवघड काम तेच आहे.

व्हिएगस आपल्या गोव्यातल्या बार्देशातल्या हडफड्याचे. आज हडफडे म्हटलं की लोकांना शनिवारचा रात्रीचा बाजार आठवतो. तिथे १८५६ साली ते जन्मले, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले आणि मांडवीत दवाखाना थाटून बसले. ही मांडवी म्हणजे आपली नदी नव्हे, मुंबईच्या गोदीलगतची वस्ती. धान्याची कोठारं, हमाल, व्यापारी, एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारी कुटुंबं, उघडी गटारं आणि धान्यामागे आलेले उंदीर. याच्या जोडीला व्हिएगस महापालिकेचे सभासदही होते. सकाळी ज्याची नाडी पाहिली, त्याच्या गल्लीतल्या गटाराबद्दल संध्याकाळी सभेत बोलायचं, अशी दोन्ही कामं एकाच माणसाकडे होती. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. फक्त दवाखाना असता तर त्यांनी रोगी पाहिले असते, फक्त सभासद असते तर अहवाल वाचले असते.

१८९६ च्या सप्टेंबरात त्यांच्याकडे जे रोगी येत होते, त्यांचा ताप नेहमीचा नव्हता. जांघेत, बगलेत गाठ, ताप चढलेला, ग्लानी, आणि थोड्याच दिवसांत मृत्यू. वस्तीत उंदीर मरून पडत होते. कागदोपत्री मात्र 'ताप' एवढंच लागत होतं. २३ सप्टेंबर १८९६ रोजी व्हिएगसांनी स्थायी समितीच्या बैठकीत सांगितलं, हा गाठीचा प्लेग आहे.

हे बोलण्याची किंमत काय होती, याचा विचार करा. मुंबई म्हणजे बंदर. कापूस, धान्य, हजची जहाजं, सगळं तिथून जायचं. 'प्लेग' म्हटलं की जगभरची बंदरं मुंबईच्या जहाजांना दार लावणार, आणि झालंही तसंच. १८९७ साली युरोपातल्या राष्ट्रांनी मुंबईच्या प्लेगसाठी व्हेनिसमध्ये परिषद भरवली. असं निदान सहजी कोण मान्य करील? वेगवेगळ्या तज्ज्ञांकडून पडताळणी झाली, निदान खरं ठरलं, आणि सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. म्हणजे व्हिएगस बोलले तेव्हा हातात लस नव्हती, औषध नव्हतं. होती ती फक्त माहिती. ती चार भिंतींत ठेवायची की सर्वांना सांगायची, एवढाच निर्णय त्यांच्या हातात होता.

आणखी एक प्रश्न येतो, विशेषतः इतिहास वाचणाऱ्यांकडून. सांगून चांगलं काय झालं? लोक घाबरले, काही महिन्यांत जवळजवळ निम्मी मुंबई रिकामी झाली, गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला, पुण्यात रँडची घरझडती आली. प्रश्न योग्य आहे, मी तो टाळत नाही. मराठी माणसाला प्लेग आठवतो तो रँड आणि चाफेकर बंधूंमुळे, नाहीतर रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेलेल्या सावित्रीबाईंमुळे. या दोन आठवणींत व्हिएगसांना जागाच उरली नाही. पण शिपायांनी घरात घुसून बायामाणसांची बेअब्रू करायची, हे निदानात नव्हतं. तो राज्यकर्त्यांचा निर्णय होता. रोगाचं नाव घेणं वेगळं आणि नाव घेऊन माणसांना गुरासारखं हाकणं वेगळं. व्हिएगस स्वतः वस्त्यांच्या स्वच्छतेसाठी आणि उंदीर मारण्यासाठी आवाज उठवत राहिले, रोग्यांजवळ जात राहिले. पुढे लस आली तेव्हा सुमारे १८,००० माणसांना त्यांनी स्वतः टोचलं, असं त्यांच्याबद्दल लिहिलेलं आहे. लोक सुईला घाबरत होते, सरकारी माणसाला त्याहून जास्त. अशा वेळी ओळखीच्या डॉक्टरापुढे माणूस हात पुढे करतो. खात्यात काम केलेल्या कोणालाही हे पटेल.

माकडतापाच्या बैठकीत मी हे सगळं का सांगते, ते आता लक्षात येईल. हा रोग पहिल्यांदा सापडला १९५७ साली, कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात. आमच्या सत्तरीत तो २०१५ साली आला, पुढच्या वर्षी शेजारच्या दोडामार्गात. तिथे उंदीर मेले, इथे माकडं मरतात. तिथे पिसू, इथे गोचीड. काजूचे बोंडू वेचायला, पाला गोळा करायला रानात गेलेल्या माणसाला चावते आणि काही दिवसांनी तो तापाने आडवा होतो. नेमकं औषध आजही नाही. रानात जाताना अंगाला गोचीड दूर ठेवणारं तेल लावायचं, अंगभर कपडे घालायचे, परत आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करायची आणि ताप आला तर घरी काढत न बसता केंद्रावर यायचं. यातलं काहीही करायचं तर आधी कोणीतरी सांगायला हवं की रानात माकड मेलंय.

आणि तेच सांगायला लोक कचरतात. हंगाम मोजक्या महिन्यांचा, वर्षाचा पैसा त्यात. 'आमच्या डोंगरावर माकड मेलं' असं म्हटलं की वेचायला मजूर येणार नाहीत, गावाचं नाव खराब होईल, अशी भीती. मी त्यांना दोष देत नाही. मांडवीच्या व्यापाऱ्यांचीही भीती हीच होती, फक्त आकडे मोठे होते. म्हणून मी कोरडा उपदेश करत नाही. हडफड्याच्या एका डॉक्टराची गोष्ट सांगते, ज्याचे रोगी, मतदार आणि शेजारी त्या व्यापारावरच जगत होते आणि तरीही तो बोलला. हे सांगून झाल्यावर एखादी बाई बाजूला येऊन हळूच म्हणते, "अमक्याच्या बागेत एक पडलेलं आहे." तिथून आमचं काम सुरू होतं. ती जागा गाठायची, जंगल खात्याला कळवायचं, भोवतीने पावडर मारायची, त्या वाड्यावर तापाचे रोगी शोधायचे.

त्यांचं पुढे काय झालं, हेही विचारतात. बोलल्याबद्दल मुंबईने त्यांना टाकलं नाही. १९०६ साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले, त्या पदावर बसलेले पहिले देशी ख्रिस्ती. १९३३ साली वारले. प्लेग त्यांच्या हयातीत संपला नाही, देशभरात त्याने एक कोटीच्या वर माणसं नेली. ज्या धोबी तलावाच्या परिसरात गोव्याहून गेलेले खलाशी आणि आचारी आपापल्या गावच्या कुडांत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडांत, उतरायचे, तिथेच मेट्रो सिनेमाजवळ त्यांचा पुतळा आहे. मुंबईला गेलात तर रस्ता ओलांडून जरूर बघा, आणि सोबत पोरं असतील तर हा माणूस आपल्या हडफड्याचा, हे त्यांना सांगा.