बारा मिनिटांची कॅसेट

"हे फार घाईत वाजतंय," बाई म्हणाल्या. हेडफोन काढून त्यांनी माझ्या हातात दिला आणि पुन्हा म्हणाल्या, "कुणीतरी पळवलंय याला."

मी युरोपातल्या एका संग्रहालयात जुनी गेमिंग यंत्रं चालती ठेवायचं काम करतो. दिवस जातो तो कार्ट्रिजच्या पिना अल्कोहोलने पुसण्यात, गळायला लागलेले कपॅसिटर बदलण्यात आणि ओढून ओढून तुटलेल्या कंट्रोलरच्या वायरी पुन्हा सोल्डर करण्यात. एकच गेम देशोदेशी कसा बदलला, यावर आमच्याकडे एक दालन आहे. लोक रमतात ते डोळ्यांना दिसणाऱ्या फरकांपाशी. 'कॉन्ट्रा'त माणसं लढायची. युरोपात त्यांच्या जागी रोबो आले आणि नाव झालं 'प्रोबोटेक्टर'. त्याचे फोटो काढतात आणि पुढे सरकतात.

बाई उभ्या होत्या त्या टेबलावर सेगा मेगा ड्राइव्ह होता आणि त्यात १९९१ चा 'सोनिक द हेजहॉग'. या यंत्राचा मला अभिमान आहे. युरोपातले तेव्हाचे टीव्ही सेकंदाला ५० वेळा चित्र काढायचे, जपान-अमेरिकेतले ६० वेळा. सोनिकचा प्रोग्राम घड्याळ बघत नाही, चित्रं मोजतो. ६० चित्रं झाली की त्याच्या लेखी एक सेकंद संपतो. म्हणजे युरोपातल्या घरात हा गेम आपल्या वेगाच्या पाच-षष्ठांश वेगानेच चालायचा. शिवाय चित्राच्या २२४ ओळी इथल्या टीव्हीला पुऱ्या पडत नसत, म्हणून वर-खाली रिकाम्या पट्ट्या आणि मधे दबलेला सोनिक. मी बोर्ड उघडला, ५० की ६० हे ठरवणाऱ्या जोडणीजवळची एक रेघ तोडली, मागे ५०-६० चा छोटा खटका बसवला आणि तो ६० वर ठेवला. पट्ट्या गेल्या, सोनिक पळायला लागला. दोष दुरुस्त केला, असंच मला तेव्हा वाटलं होतं.

बाई आल्या होत्या घरातला जुना मेगा ड्राइव्ह संग्रहालयाला द्यायला. त्याच खोक्यात एक कॅसेट होती. यंत्राच्या पहिल्या मॉडेलला पुढच्या बाजूला हेडफोनचं भोक आणि आवाजाची सरकपट्टी असते. तिथून वायर टेपरेकॉर्डरला जोडून त्यांनी लहानपणी ग्रीन हिलचं, म्हणजे सोनिकच्या पहिल्या टप्प्याचं, संगीत भरून घेतलं होतं. टीव्ही बंद करायची वेळ झाली की रात्री ते ऐकत झोपायच्या.

"कॅसेट जुनी झाली की टेप ओढला जातो," मी त्यांना सांगितलं. "म्हणून तुमच्या लक्षात संथ राहिलंय." हे इतक्या खात्रीने सांगितलं की त्या गप्पच झाल्या. त्यांचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

दुपारी कॅसेट वर्कशॉपमधल्या डेकवर लावली. संगीत खरंच संथ होतं. पण टेप ओढला जात असता तर लय आणि सूर दोन्ही एकदम खाली आले असते. पाच-षष्ठांश वेगाने फिरणारी टेप सूर हार्मोनियमच्या तीन पट्ट्या खाली आणते. पांढरी एकची चीज खालच्या पांढरी सहात ऐकू येईल, लपून राहण्यासारखं नाही ते. इथे लय उतरलेली आणि पट्टी जागच्या जागी होती. असं होतं ते यंत्रामुळेच. सुरांचा कंपनवेग ध्वनीची चिप ठरवते आणि तिचं घड्याळ युरोपातल्या यंत्रातही एखाद्या टक्क्याच्या फरकाने तेच आहे. पुढचा सूर कधी लावायचा हे मात्र चित्रांच्या मोजणीवर ठरतं.

मग टेप शेवटपर्यंत ऐकली. कड्या गोळा केल्याची नाण्यांसारखी किणकिण नाही, उडीचा आवाज नाही. कंट्रोलरला हातच लागला नव्हता. लहानगीने लेव्हल सुरू करून सोनिकला नुसतं उभं केलेलं. पडद्यावर तो पाय आपटत वाट बघत असणार. सोनिकच्या प्रत्येक टप्प्याला दहा मिनिटांची मुदत असते, ती संपली की जीव जातो. टेपवर तो मरतानाचा आवाज आला तेव्हा माझ्या स्टॉपवॉचमध्ये बारा मिनिटं झाली होती, दोन-चार सेकंद इकडे-तिकडे. त्या गेमची दहा मिनिटं इथल्या घरांत बाराच मिनिटांची होती. बाईंच्या आठवणीत काही चूक नव्हती. चूक माझ्या टेबलावर होती, आणि तिच्यापुढे पाटी होती: 'युरोपीय आवृत्ती, १९९१'.

आमच्या नोंदवहीत हे पकडायची सोयच नाही. अमेरिकेच्या आणि युरोपच्या कार्ट्रिजमधला डेटा एकच, ५१२ किलोबाइट, चेकसम, म्हणजे डेटावरून काढलेला ओळखीचा आकडा, अक्षरशः सारखा. जपानची प्रत थोडी नंतरची. तिच्यात ग्रीन हिलचे ढग आपोआप सरकतात, म्हणून तिला वेगळा चेकसम आणि वेगळी ओळ. ढग सरकले तर नवी आवृत्ती, आणि अख्खा गेम, संगीतासकट, संथ झाला तर काहीच नाही! फाइल जपली की गेम जपला, असं मानणाऱ्या लोकांनी ही वही आखली आहे. त्यांच्याशी माझं कधी पटलेलं नाही, आणि तरी खटका ६० वर ठेवणारा मीच.

आमच्या प्रमुखांचं म्हणणं सरळ आहे: मासातो नाकामुरांनी रचलेलं संगीत ज्या लयीत आहे तेच खरं, ५० ची गती म्हणजे हेळसांड. यात तथ्य आहे. १९९२ च्या 'सोनिक २'मध्ये ५० च्या यंत्रावर दर काही चित्रांमागे संगीताला एक जादा पाऊल टाकायला लावलंय, म्हणजे निर्मात्यांनाही ते खुपलं होतं. (खेळ तसाच संथ राहिला, संगीत तेवढं सुधारलं.) पण १९९१ साली इथल्या किती घरांत ती खरी लय वाजली? इथल्या मुलांनी ज्या अंदाजाने उड्या मारल्या, तो अंदाज संथ गेमचा होता. दोन्ही बाजू मला पटतात आणि त्यामुळेच झोप लागत नाही.

बाई कागदपत्रांवर सह्या करून निघाल्याच होत्या. मी त्यांना पुन्हा दालनात नेलं, चुकलो म्हणून सांगितलं आणि खटका ५० वर टाकून यंत्र सुरू केलं. पट्ट्या परत आल्या. त्यांनी हेडफोन लावला, ग्रीन हिल सुरू केलं आणि कंट्रोलर टेबलावर ठेवून दिला. मागे रांग लागली. एका मुलाने विचारलं, "त्या खेळत का नाहीत?" आमचा नियम एका माणसाला पाच मिनिटांचा आहे. मी रांगेपुढे उभा राहिलो आणि बारा मिनिटं कुणाला पुढे येऊ दिलं नाही.

खटका अजून ५० वर आहे. पट्ट्या बघून प्रमुखांनी दोनदा विचारलं आहे. कॅसेटची नोंद मी केली, पण तिच्यासमोरचा 'आवृत्ती'चा रकाना अजून कोराच आहे.