लाम्ब्रुस्कोचा फेस गेला कुठे? अखेर छडा लागला

लाम्ब्रुस्को म्हणजे इटलीच्या एमिलिया-रोमान्या भागातली हलकी फसफसणारी लाल वाइन. मागच्या नोंदीत तिची एक बाटली उघडली, ती अगदीच मिळमिळीत निघाली होती. त्या बाटलीचं कोडं सुटलंय. घाईघाईने लिहितेय, कारण दोघातिघांनी त्यावरून या वाइनचा नादच सोडायचं ठरवलं होतं. कृपा करून सोडू नका.

लक्षणं आठवत असतील. बूच निघताना आवाज नाही, गुलाबी-जांभळा फेस उठतोय म्हणेपर्यंत बसलेला, आणि ताज्या चेरी-स्ट्रॉबेरीच्या जागी शिजवलेल्या फळाचा वास. बाटली अमाबिले, म्हणजे गोडसर. बुडबुडे गेल्यावर नुसतं कोमट सरबत उरलं. ग्लासला भांड्यांचा साबण राहिला असेल, अशी शंका बऱ्याच जणांनी घेतली होती. ती रास्त होती, साबणाच्या अंशाने फेस मरतोच. म्हणून ग्लास नुसत्या गरम पाण्याने धुऊन, उपडे वाळवून पुन्हा पाहिलं. फरक शून्य.

मग कॅम्पातल्या दुसऱ्या दुकानातून तेच लेबल आणलं. तिथे बाटल्या फ्रीजमध्ये ठेवतात. बूच निघालं ते हातात नीट धरावं लागलं! फेस काठापर्यंत आला, वास थेट स्ट्रॉबेरीचा. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून मागचा लॉट नंबर पाहिला, तर एकच. म्हणजे इटलीत मोडेनाच्या बाजूला एकाच खेपेत भरलेल्या या दोन बाटल्या, आणि पुण्यात आल्यावर एक गारव्यात राहिली, दुसरी रस्त्याकडच्या काचेच्या शोकेसमध्ये. एप्रिल-मेमध्ये तिथे काय होतं ते वेगळं सांगायला नको.

या प्रकाराला उन्हाळा एवढा का बाधतो? मुळात फ्रिझान्तेमध्ये, म्हणजे अशा हलक्या फसफसणाऱ्या वाइनमध्ये, वायूची शिल्लकच थोडी. दाब १ ते २.५ बार, शॅम्पेनमध्ये तो ६ च्या आसपास. द्रव तापला की कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळून राहत नाही, वर येतो, बुचावर रेटा देतो आणि हळूहळू निसटतो. ताज्या फळाचा वास त्याआधीच कोमेजलेला असतो. ही वाइन मुरवायची नाहीच, आली की प्यायची.

यातलं दुःख असं, की एमिलिया-रोमान्यात लाम्ब्रुस्को ही रोजच्या जेवणाची, परवडणारी वाइन. फेडेरिको मार्टिनोत्तीने १८९५ मध्ये मोठ्या बंद टाकीत फेस धरण्याची रीत काढली. तिथली बरीचशी लाम्ब्रुस्को याच रीतीने बनते, म्हणून स्वस्त पडते. आपल्याकडे आयात वाइनवर वर्षानुवर्षे एकूण १५० टक्के सीमाशुल्क बसत आलं, वर राज्याचे कर. महागली की खपत नाही, खपली नाही की शेल्फवर तापत बसते. माझं मत आता पक्कं आहे: लेबल नंतर बघा, आधी दुकानाचा फ्रीज बघा. तो नसेल तर नाशिकच्या सुलाची दिया रेड बरी. तीही गोड, हलकी फसफसणारी, आणि सीमाशुल्काचा प्रश्न नाही.

आता आनंदाची गोष्ट. बाकरवडी! एमिलियात लोक ही वाइन मोर्ताडेला (डुकराच्या मांसाचं सॉसेज) आणि पार्मिजानो चीजबरोबर पितात, कारण आंबटपणा आणि बुडबुडे तोंडातला तुपकटपणा धुऊन काढतात. बाकरवडीत तळण आहेच, शिवाय सारणातला गोड-आंबट-तिखट मसाला वाइनच्या गोडीशी बरोबरीने चालतो. ८ ते १० अंशांवर थंड केलेली बाटली आणि खसखस-तिळाची बाकरवडी, यावर आमच्याकडे एकमत झालं. असं क्वचितच होतं. कांदा भजीही छान लागली. मिसळीबरोबर मात्र जमलं नाही. साखर तिखट शमवते, पण बुडबुड्यांची चुणचुण आणि मिरचीचा जाळ एकाच मज्जातंतूवरून मेंदूपर्यंत जातात, त्यामुळे झणका उलट वाढतो. श्रीखंडाच्या नादी तर लागूच नका. वाइनपेक्षा गोड काही खाल्लं की वाइन आंबटढोण वाटते.

कोणाला द्यावी? शिराझ-कॅबर्नेसारख्या तुरट रेड वाइनने ज्यांचं तोंड कोरडं पडतं त्यांना. आजवर फक्त पोर्ट चाखलेल्या मावशी-काकांना, कारण गोडी ओळखीची आणि अल्कोहोल बरंच कमी, गोड बाटल्यांवर बहुधा ८ टक्क्यांच्या आसपास. मधुमेह असलेल्यांना आग्रह करू नका. अमाबिलेमध्ये लिटरला १२ ते ४५ ग्रॅम साखर चालते, म्हणजे १५० मिलीच्या ग्लासात पावणेसात ग्रॅमपर्यंत.

पुढच्या वेळी इटलीतल्याच पिएमोंतेची ब्राकेत्तो द'आक्वी ही गोड लाल वाइन उघडायची, असं ठरलं होतं. पण हे लिहिता लिहिताच वाटतंय, ती थांबू दे. त्याऐवजी एकाच लॉटच्या तीन बाटल्या घेऊन एक फ्रीजमध्ये, एक कपाटात, एक माळ्यावर ठेवते आणि पावसाळ्यात तिन्ही एकदम उघडू. उरलेली वाइन सोड्याच्या छोट्या प्लॅस्टिक बाटलीत काठोकाठ भरून ठेवायची युक्तीही तेव्हाच तपासते. वर मोकळी जागा नसली की वायूला निसटायला वाव कमी. कोणाकडे २५० मिलीच्या रिकाम्या बाटल्या असतील तर फेकू नका, मला हव्या आहेत.